खोऱ्यात सगळीकडे खानाचं रक्त

बुरगूत खानाला बढाईची भारी हौस. मंगोल मुलखातल्या त्याच्या खोऱ्यात येईल त्याला तो ऐकवायचा, "जग जिंकणाऱ्या खानाचा मी पणतू! आमच्या पणजोबांचं रक्त नाही असा एक तंबू या खोऱ्यात दाखवा!"

मेंढपाळाची लेक ओयुना त्याच्या नजरेत भरली. तिचं लग्न डोंगरापलीकडच्या लोहाराशी ठरलं होतं. तरी खानाने भर मेजवानीत फर्मावलं, "उद्या हिचं लग्न माझ्याशी!"

ओयुना हसतच पुढे झाली. "खानसाहेब, आमच्याही तंबूत तुमचंच रक्त का हो?"

"म्हणजे काय! नाक बघ तुझं, थेट आमच्या घराण्याचं!"

"मग दादा, एका रक्तात सोयरीक आपल्यात पाप ना?"

नाही म्हणावं तर पणजोबांची शान जाते, हो म्हणावं तर नवरी! खान मिशी चावू लागला. शेवटी पुटपुटला, "लग्न कधी आहे तुझं?"

"पौर्णिमेला. आणि दादा, पाठवणीचा घोडा भावाने द्यायचा असतो हं!"

घोड्यावर बसून ओयुना सासरी गेली. दुसऱ्याच दिवशी खोऱ्यातल्या झाडून साऱ्या पोरी खानाच्या तंबूपुढे हजर, "दादा, आमचंही नाक बघा की!"