मानाची पहिली पाटी

फार जुन्या काळची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात मानकऱ्यांचं घर होतं. गावच्या बांधावर माती टाकायची वेळ आली की पहिली पाटी त्यांची, मग बाकीच्यांची. हा मान कुणा राजानं दिलेला नव्हता. त्यांचा एक पूर्वज फुटत्या बांधावर सगळ्यांच्या आधी पाटी घेऊन धावला होता, म्हणून गावानं दिला होता.

पुढं पाटी चांदीची झाली. मातीच्या जागी फुलं आली. आता मानकरी ती गड्याच्या डोक्यावर देई आणि स्वतः ताशामागं मिरवत येई. घरातल्या म्हाताऱ्या आत्याच्या अंगाचा तिळपापड होई. पण तिचं ऐकतो कोण?

एके दुपारी नदी चढली. बांध झिरपू लागला. माणसं भरल्या पाट्या घेऊन धावली आणि बांधावर नुसती उभी राहिली.

“टाका की माती!” आत्या ओरडली.

“मानकऱ्यांची पहिली पडू द्या, आत्याबाई. रीत कशी मोडायची?”

आत्या तरातरा घरी आली. मानकरी भाचा पागोटं बांधत होता.

“बांध फुटतोय, चल!”

“ताशेवाले येऊ देत, आत्या. असाच गेलो तर घराण्याची शोभा काय राहील?”

“शोभा? मेल्या, बांधावर धावला तेव्हा तुझ्या पूर्वजाच्या अंगावर धड लंगोटीही नव्हती!”

तिनं गोठ्यातली शेणाची पाटी उचलली, मातीनं भरली आणि बांधावर नेऊन ओतली. मग शंभर हात चालले. पण उशीर झाला होता. एका टोकाला बांध फुटला. खालची वस्ती गेली. माणसं झाडांवर चढून वाचली, गुरं वाचली नाहीत. मानकऱ्यांच्या उंच ओट्याला पाणी शिवलंसुद्धा नाही.

“तो निलाजरा आहेच,” आत्या गावावर कडाडली. “पण तुमच्या डोक्यावर माती होती ना? मग वाट कुणाची पाहत होतात?”



पुढच्या वर्षी भाचा ताशे वाजवत बांधावर आला. बांध भरून झाला होता. खालच्या वस्तीतली एक बाई चिखलाचे हात धूत होती.

“माझ्याआधी पहिली पाटी कुणी टाकली?” तो गरजला.

“मानकऱ्यांनी,” ती म्हणाली. “आम्ही पहाटेच आलो होतो.”

ताशा आपोआप थांबला.

संकटात जो आधी धावतो तोच मानकरी. बाकीच्यांच्या डोक्यावर नुसतं पागोटं.