कोकणी आळीचे शेवटचे दार

"मग बुवा, सहांपैकी सर्वांत सुखी आळी कोणती?"

नेरूरकर सरांनी प्रश्न विचारला आणि पेनचे टोपण काढले. उत्तर त्यांच्याकडे होतेच. छापूनही झाले होते. बुवांनी तेच उत्तर द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

अलखबुवा गावाबाहेरच्या जुन्या जकात नाक्यात राहत. जकात उठली, नाका राहिला, आणि नाक्यात बुवा राहिले. चाळीस वर्षे ते रोज दुपारी कसबे धानोळ्याच्या सहाही आळ्यांत भिक्षेला जात.

अडीचशे वर्षांपूर्वी या गावात मागांची पेठ वसली. तेव्हा कोणी कोकणातून आले, कोणी कर्नाटकातून, कोणी तेलंगणातून, कोणी गुजरातेतून, मोमीन आणि परदेशी थेट उत्तरेतून. जो जिथून आला त्या नावाची त्याने आळी केली, आणि तिच्यात बसून उरलेल्या पाच आळ्यांविषयी मत बनवले.

नेरूरकर सरांनी या मतांना आकडे दिले.

सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसाला गावाचे भले करावेसे वाटते. गावाला ते सहन करावे लागते. सरांनी सहाशे बारा पत्रिका भरून घेतल्या. घर कोणाचे, शिक्षण किती, आठवड्यात भाजी किती वेळा, आजारपणात कोण धावते, समाधान आहे का. त्यातून एकशे चौऱ्याऐंशी पानांचा अहवाल झाला. कोणत्या वंशाचे लोक किती सुस्थितीत आहेत, ते त्यात शंभरांपैकी गुण देऊन सांगितले होते.

कोकणी आळी पहिली आली होती. एक्क्याऐंशी गुण.

सर स्वतः कोकणी आळीचे. हा निव्वळ योगायोग आहे, असे त्यांनी प्रस्तावनेत दोनदा म्हटले होते.

"कागद काय म्हणतो?" बुवांनी विचारले.

"कोकणी आळी."

"मग मला कशाला विचारता?"

"तुमचा अनुभव दांडगा. चार ओळींचा अभिप्राय मिळाला तर बरं दिसेल. शनिवारी प्रकाशन आहे. नगरपालिका आपल्या अहवालावरूनच ठरवणार आहे... एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा जेवणाचा डबा सुरू करतायत. तो कुठल्या आळ्यांना द्यायचा, ते."

"आणि पहिली आलेली आळी?"

"तिला कशाला डबा?" सर हसले. "आमच्यात कोणी उपाशी नाही, बुवा."

बुवांनी खुंटीवरची झोळी काढली आणि सरांच्या मांडीवर ठेवली.

"तीन दिवस फिरून या. मग अभिप्राय देतो."

"मी?... भिक्षा?"

"पत्रिका घेऊन फिरलातच की. ही हलकी आहे."

सरांना राग आला. पण अभिप्राय हवा होता, आणि 'प्रत्यक्ष सहभागातून अभ्यास' असे एक प्रकरण दुसऱ्या आवृत्तीत घालता आले असते. त्यांनी नियम विचारले.

"दारात उभं राहायचं. अलख म्हणायचं. मिळेल ते घ्यायचं, नाही मिळालं तर पुढं जायचं. आणि प्रत्येक आळीचं शेवटचं घर मागच्या दारानं करायचं. तिथं अलख म्हणायचं नाही. झोळी पायरीवर ठेवायची, पाठ फिरवायची, शंभर मोजायचे. मग झोळी उचलून चालू लागायचं. वळून बघायचं नाही."

"शंभर कशासाठी?"

"तुम्हाला मोजायची सवय आहे म्हणून."

*

पहिल्या दिवशी सर जाकीट घालून गेले. खिशाला पेन होते.

तेलंगी आळीत पहिल्याच दारात राजव्वा विड्या वळत बसली होती. तिने मान वर केली, आणि आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बया, फारमवाले सर! आता भीक तपासायला आलात की काय?"

"तसं नाही, राजव्वा..."

"मागल्या वेळी विचारलंत, आठवड्यातनं भाजी किती वेळा. मी म्हटलं एकदा. खरं सांगू? रोज असती. मला वाटलं, कमी सांगितलं तर तुम्ही रेशनात वाढ कराल."

"अहो, पण मी त्यावरून..."

"लिहिलंत? लिहा की. तुमचा कागद, तुमचं पेन." तिने दोन भाकऱ्या आणि वांग्याच्या भाजीचा द्रोण झोळीत ठेवला. "घ्या. वाळलात हो."

गुजर आळीत एका गृहस्थाने अर्धी भाकरी दिली आणि कष्टाचे महत्त्व पूर्ण सांगितले. मोमीन आळीत गुळाचा खडा मिळाला. कानडी आळीत भात मिळाला, परदेशी आळीत जाड पोळ्या.

आणि प्रत्येक आळीच्या शेवटी मागचे दार. सरांनी झोळी पायरीवर ठेवली, पाठ फिरवली, शंभर मोजले. कुठे झोळी हलकी झाली, कुठे नाही. जिथे हलकी झाली तिथे तिच्यात काहीतरी नवे असायचे. तेलंगी आळीत दोन वाती. परदेशी आळीत सुपारीचे खांड. घेणाऱ्याने काही ठेवल्याशिवाय घ्यायचे नाही, असा तिथला रिवाज असावा. अहवालात त्याला रकाना नव्हता.

संध्याकाळी बुवांनी विचारले, "सहाही झाल्या?"

"झाल्या," सर म्हणाले.

पाच झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीही सर पाच आळ्या फिरून आले. बुवांनी झोळी जमिनीवर उपडी केली. वाती बाजूला ठेवल्या. सुपारी बाजूला ठेवली. मग झोळीच्या कोपऱ्यात हात घालून बराच वेळ चाचपत राहिले.

"काय शोधताय?"

"कढीपत्ता."

"कसला कढीपत्ता?"

"कोकणी आळीच्या शेवटच्या दारी कढीपत्त्याची डहाळी पडते. अडीच वर्षांत एकदा चुकली नाही... काल नव्हती. मला वाटलं, विसरले असतील. आज पण नाही."

सर वाती सारख्या करू लागले.

"तुम्ही गेला नाहीत."

"बुवा... तिथे मला ओळखतात."

"बाकीच्या पाच आळ्यांत कोण ओळखत नाही?"

सरांनी चष्मा पुसला. मग एकदम त्यांच्या लक्षात आले.

"डहाळी पडते म्हणजे... तिथे कोणी झोळीतून घेतं?"

बुवांनी भाताचा गोळा उचलून वळचणीच्या कावळ्यांना टाकला.

"आमच्या आळीत?"

"मला काय माहीत? माझी पाठ असते."

सर उठले. दारापर्यंत गेले. परत आले.

"आमच्या आळीचं शेवटचं घर..." ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडून दिले.

शेवटचे घर त्यांच्या थोरल्या भावाचे होते. अण्णांचे. वडिलांच्या श्राद्धाला पाटावर कोणी बसायचे यावरून दोघांचे बोलणे बंद झाले, त्याला नऊ वर्षे झाली होती. दोघेही पाटावर बसले नाहीत आणि वडील तसेच राहिले.

"उद्या तुमची घोंगडी द्याल?" सरांनी विचारले. "ऊन फार आहे."

बुवांनी घोंगडी दिली. ऊन खरेच फार होते. पण चैत्रात कोणी उन्हासाठी डोक्यावरून घोंगडी घेत नाही, हे दोघांनाही माहीत होते.

*

तिसऱ्या दिवशी सर इतर आळ्या उरकून कोकणी आळीत शिरले, तेव्हा झोळी भरलेली होती. आळीत सामसूम होती. दारे रंगवलेली, उंबऱ्यांवर रांगोळ्या. तीन दारांत सरांनी घोंगडीच्या आतून हलकेच अलख म्हटले. दोन दारे उघडली नाहीत. तिसऱ्यातून आवाज आला, "पुढे व्हा."

सर पुढे झाले. आळी संपली. भिंतीच्या कडेने ते परसात आले.

कढीपत्त्याचे झाड बरेच वाढले होते. आईने लावले तेव्हा सर चौथीत होते. झाडाखाली न्हाणीचा दगड होता, मधोमध चिरलेला. मागच्या दाराची कडी गेली होती. तिच्या जागी सुतळी बांधली होती.

सरांनी झोळी पायरीवर ठेवली. पाठ फिरवली. मोजायला लागले.

बाराला सुतळी सुटल्याचा आवाज आला.

वीसला पायरीवर पाऊल वाजले. एक पाय ठेवून दुसरा ओढत आणल्यासारखे.

चाळीसला कोणीतरी खोकले.

हा खोकला सरांना तोंडपाठ होता. दोन छोटे आणि एक लांब. लहानपणी एका गोधडीत झोपताना तो त्यांच्या कानाशी असायचा.

"बुवा, दोन दिवस आला नाहीत," मागून अण्णा म्हणाले. "पाय दुखतोय का?"

सरांनी मान हलवली नाही. आवाज काढला असता तर ओळख पटली असती.

"ही दोन्ही दिवस दार उघडून बघत होती. म्हटलं, येतील. त्यांनाही वय झालंय." भाकरी भाकरीवर ठेवल्याचा आवाज झाला. "दोन घेतो हं. तिला एक, मला एक. गूळ राहू दे. तुम्हाला लागतो."

अण्णांना गूळ फार आवडायचा. आई डबा लपवून ठेवायची, आणि अण्णा तो शोधून धाकट्याला आधी द्यायचे.

एकसष्ट.

एकसष्टनंतर काय येते, ते सरांना आठवेना.

झाडाची डहाळी तोडल्याचा आवाज झाला. पानांचा वास आला.

"जपून जा, बुवा," अण्णा म्हणाले. "ऊन आहे."

सुतळी पुन्हा बांधली गेली.

सर किती वेळ उभे होते, ते त्यांनी मोजले नाही.

*

बुवा नाक्याच्या पायरीवर बसले होते. झोळी जवळ येताच त्यांनी नाक वर केले, आणि त्यांचा चेहरा सैलावला.

"शंभर मोजले?"

"एकसष्ट."

"बरेच मोजलेत."

सर खाली बसले. घोंगडीने त्यांनी तोंड पुसले. घोंगडी ओली झाली.

"बुवा, ते अण्णा आहेत. माझे..."

"मला नाव सांगू नका. उद्या मला तिथं पाठ करून उभं राहायचंय."

रस्त्याने एक टेम्पो गेला.

"त्यांच्या घराची पत्रिका मीच भरली," सर म्हणाले. "टेबलाशी बसून. स्वतःचं घर, खोल्या चार, शिक्षण पदवी. आजारपणात कोण धावतं, तिथे लिहिलं, भाऊ. समाधान पूर्ण... म्हटलं, आपल्याच घरी काय विचारायला जायचं?"

बुवांनी गुळाचा खडा काढून निरखून पाहिला आणि परत ठेवला.

"अण्णा कामाला होते ती सूतगिरणी बंद पडली तेव्हा मला कळलं होतं. म्हटलं, अण्णा आहेत, काढतील मार्ग. आमच्यातली माणसं काढतात मार्ग... प्रस्तावनेत लिहिलंय तसं. अहवाल छापून झालाय. परवा प्रकाशन. मंडप पडलाय."

"हं."

"दुरुस्तीपत्र जोडता येईल. पहिल्या पानाआधी. तेलंगी आळीचेही गुण बदलावे लागतील, राजव्वा खोटं बोलली होती. सगळंच परत करायला हवं. घरोघर जाऊन... आमच्या आळीचे किती करू, बुवा? एक्क्याऐंशीचे? सत्तर? साठ?"

बुवा झोळीतल्या भाकऱ्या सारख्या करत होते.

"आणि डबा. डबा तरी सुरू व्हायला हवा तिथे. मी उद्याच अर्ज टाकतो. निनावी. म्हणजे अण्णांना वाईट वाटायला नको. नाहीतर... मीच जात जाईन तुमच्याऐवजी. रोज. झोळी ठेवीन, पाठ फिरवीन. त्यांना कळणारही नाही." सर पहिल्यांदाच घाईने बोलत होते. "हे बरं होईल ना? सांगा. काय करू?"

बुवा उठले. सरांच्या खांद्यावरची घोंगडी त्यांनी काढून घेतली आणि झटकून दोरीवर टाकली. झोळी उचलून खुंटीला लावली. मग कढीपत्त्याची डहाळी आणि गुळाचा खडा सरांच्या हातात ठेवला.

"पुढच्या दारानं जा."