उसवलेले टाके

ऐका मंडळी, लहानांनी पुढे सरका, मोठ्यांनी मागे टेका. ही गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हा राजा कोण होता, हे सांगणाराही आता उरलेला नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावातल्या मुली डोंगरापलीकडे द्यायची पद्धत होती. वाट इतकी लांब आणि अवघड की एकदा गेलेली लेक माहेरी परतत नसे. म्हणून त्या गावाने एक रीत पाडली होती. लग्न ठरलं की पाडव्याला मायलेकींनी एक लांब कापड पसरायचं. रोज दिवेलागणीला समोरासमोर बसून, त्या दिवशी घडलेलं काहीतरी सुईदोऱ्याने त्यावर भरायचं. डावा अर्धा भाग आईचा, उजवा लेकीचा. वर्ष भरलं की लग्न. पाठवणीच्या वेळी कापड मधोमध कापायचं. आईच्या हातचं लेकीबरोबर जाई आणि लेकीच्या हातचं आईपाशी राही.

त्या गावात भरतकामात एका बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि हे तिला स्वतःला चांगलंच ठाऊक होतं. तिला एकच लेक. तिचं लग्न ठरलं, पाडवा आला, कापड पसरलं गेलं.

त्या दिवशी शेळीने दारावरचं तोरण खाल्लं होतं. आईने आंब्याचं पान भरलं, हुबेहूब. लेकीने शेळी भरली. पाय तीनच झाले.

"अगं, ही शेळी की तिवई?" आई म्हणाली.

"चौथा पाय तोरण खायला वर गेलाय," लेक म्हणाली, आणि दोघी पोट धरधरून हसल्या.

पण सकाळी लेक पाण्याला गेली, तशी आई कापडासमोर बसली. लग्नात हे कापड मांडवात टांगतात, सगळा गाव बघतो, वरपक्ष बघतो. लोक नाक मुरडतील, पोरीला हसतील, आणि आईलाही. तिने शेळी हळूच उसवली आणि चार पायांची, डौलदार शेळी भरून ठेवली.

मग ते रोजचंच झालं. लेक संध्याकाळी भरायची, आई सकाळी उसवून नीट करायची. बिचारीला वाटायचं, आपण लेकीची लाज राखतोय.

पावसाळा सरता सरता लेकीने एकदा कापडावरून बोटं फिरवली.

"आई, ही माझी पाखरं नाहीत."

"तुझीच गं. आता हात बसलाय तुझा."

पुढे काही दिवस लेक नुसता दोरा ओवून देऊ लागली. मग एका संध्याकाळी म्हणाली, "दोन्हीकडचं तूच भर, आई. नाहीतरी उद्या ते तुझंच होतं."

आईला ते बोलणं लागलं नाही. उलट बरंच वाटलं. सकाळचं काम वाचलं. लेक उठून आत गेली, आणि दिवेलागणीला आई एकटीच भरत बसू लागली. दिवसभरात काय घडलं, हे विचारायचंही हळूहळू राहून गेलं.

लग्नात कापड मांडवात टांगलं. लोक बघतच राहिले. "कुठला भाग मायचा आणि कुठला लेकीचा, काही कळत नाही!" सगळे म्हणाले. आईचा ऊर भरून आला. लेक मान खाली घालून उभी होती.

मग गावातल्या सर्वांत वयस्कर बाईने कापड कापलं. लेकीने आईचा भाग छातीशी धरला, मागे वळून पाहिलं, आणि ती डोंगर चढून गेली.

घर रिकामं झालं. आईला लेकीची आठवण अनावर झाली, तसं तिने आपल्याकडचं कापड उघडलं. एकेका टाक्यावरून बोट फिरवलं. सगळे टाके सरळ, सारखे, सुरेख. सगळे तिचेच. सबंध कापडात लेक कुठेच नव्हती.

शेजारीण तिचं सांत्वन करायला आली, ती आपल्या लेकीचं कापड घेऊनच. "हा बघ माझ्या पोरीचा मोर, अगदी कोंबडी दिसतो," म्हणत ती हसली, आणि हसता हसता तिने तो डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "तुझं कापड मात्र किती देखणं!"

"तुझ्यापाशी तुझी लेक आहे गं," आई म्हणाली. "माझ्यापाशी नुसतं कापड आहे."

शेजारीण गेल्यावर तिने सुई घेतली. लेकीसारखं वाकडं भरून पाहिलं. उसवलं. पुन्हा भरलं. टाके वाकडे पडत होते, पण लेकीचे पडत तसे पडत नव्हते. शेवटी तिने सुई बाजूला ठेवली आणि कापडात तोंड खुपसून ती रडली. डोंगरापलीकडे हाक पोचत नाही, हे त्या गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

म्हणून सांगतो, आपल्या माणसाचं वेडंवाकडं तसंच राहू द्यावं. ते सुधारत बसलं की माणूसच उसवून जातं.