जमावाचा शब्द

त्या शुक्रवारी वारा अगदी पडला होता, असं सांगतात. मळभ दाटलेलं, माडाची झावळी हलत नव्हती, आणि भर दुपारी खाडीचं पाणी निपचित. तुम्ही आत्ता उभे आहात ना, याच दगडी क्रुसापाशी गावचे गायक जमले होते. गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाचं गायन आमच्याकडे इथंच, उघड्यावर होतं. एकजण येशूचे शब्द गातो, एकजण त्याला शिक्षा देणाऱ्या पिलाताचे, आणि त्याचा जीव मागणाऱ्या जमावाचे शब्द बाकी सगळे मिळून.

जमावाचा सूर उचलायचा मान तेव्हा इनास तुस्कानोचा. त्यानं उचलल्यावाचून बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. पण त्या वर्षी गुड फ्रायडेआधीच्या उपवासकाळात त्याची धाकटी लेक रेमेत तापानं फणफणली. इनासनं नवस केला, ही वाचली तर 'त्याला क्रुसावर खिळा' हा शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. पोर वाचली. नवसाचं मात्र तो कुणाला बोलला नाही म्हणे.

गायन त्या शब्दाशी आलं. इनास गप्प.

"उचल की रे," त्याचा शेजारी बस्त्यांव कुजबुजला, "उपासाच्या दिवशी बोंबील अडकला का घशात?"

इनासनं ओठ घट्ट मिटले.

तेव्हा खाडीतून सूर उठला. "त्याला क्रुसावर खिळा!" आवाज इनासचाच. मागोमाग बस्त्यांवचा, मग एकेकाचा. सगळ्यांची तोंडं मिटलेली, आणि ज्याला त्याला आपला आवाज ओळखू येत होता. दुसऱ्यांदा उठला तो जरा जवळून.

बायकांमधून रेमेत उठली. "आले, बाबा," म्हणाली, आणि सरळ पाण्यात चालू लागली. मागं धावले त्यांचे पाय चिखलात रुतले. हाका तिला ऐकूच जाईनात. पाणी तिच्या छातीला लागलं, तसा इनासनं रडत रडत तो शब्द उचलला, आणि सगळ्यांनी त्याच्यामागं. खाडी गप्प झाली. पोर जागीच थांबली आणि भ्यायलेल्या लेकरासारखी रडू लागली.

आजही तो शब्द आला की सगळा गाव गातो. पोरांचे हात घट्ट धरून गातो. पाहुण्यालाही तोंड मिटून उभं राहू देत नाहीत. तुम्हीही म्हणा.

त्या दिवशी मात्र, नवस मोडला, आता पोर जाणार, म्हणून इनास क्रुसाच्या या पायरीवर डोकं धरून बसला होता. बस्त्यांव त्याच्याजवळ टेकला आणि हळूच म्हणाला, "रडू नको, इनास. तो शब्द आपलाच आहे. आपण तोंड मिटलं, तर तो पोरांना बोलावतो."