हसाजी तेल्याचा बैल

कोकणात गावोगाव घाणे फिरत होते, त्या काळी हसाजी नावाच्या ज्यू तेल्याने ढवळ्या बैल विकत आणला. शनिवार उजाडला, पण त्याला कुणी जुंपेना. धनी आता आपल्याला विकणार, या भीतीने ढवळ्या आपणच घाण्याभोवती फिरू लागला.

ओसरीवरून हसाजी म्हणाला, "अरे, बस की. आमचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते, त्यांना सुट्टी ठाऊक नव्हती. तिथून सुटलो तेव्हापासून शनिवारी आम्हीही बसतो आणि आमचा बैलही बसतो."

ढवळ्या बसला.

पुढच्या शनिवारी शेजारच्या बैलाने कुंपणाआडून विचारलं, "काय रे, नुसता बसलास? धन्याने टाकलं की काय?"

"छे," ढवळ्या रवंथ करत म्हणाला, "मिसरातून सुटून आलोय. जरा दम खातोय."