फायराबेंटचं घमेलं

भट्टीच्या चिमणीला टांगलेलं ते घमेलं वाजवू नका. दर पाहुण्याला हेच सांगतो, आणि दर पाहुणा आधी टिचकी मारतो, मग विचारतो, "आजोबा, हे काय?" वीट आलाय मला.

असं सांगतात की, करंजखोपला कौलांची ही भट्टी एका जर्मन साहेबानं घातली. गुस्ताव त्याचं नाव. दिवस कलला की तो टांगलेल्या लोखंडी रुळावर हातोडा मारून म्हणायचा, "फायराबेंट." म्हणजे काम बंद.

मुकादम बाबल्या परब वैतागायचा. "अजून उजेड हाय, साहेब."

साहेबानं त्याला समजावलं म्हणे. फायर म्हणजे सण, आबेंट म्हणजे संध्याकाळ. त्यांच्या मुलखात पूर्वी सणाच्या आदल्या सांजेला देवळाची घंटा झाली की हातातलं काम खाली ठेवत. पुढे तोच मान रोजच्या सांजेला मिळाला.

"रोज सण? मग कामं कधी करायची?"

"दिवसा," साहेब म्हणाला.

मुकादमाला हे काही पटलं नाही. माझी शाळा फक्त चौथीपर्यंत, पण मला लगेच पटलं.

एकदा साहेब तापानं अंथरुणाला खिळला. मुकादमानं त्याच दिवशी रूळ उतरवून लपवला. माती तुडवायला येसू होती. घरी तिची दोन महिन्यांची लेक, नुसती अंगावर पिणारी, आधीच अशक्त. सूर्य खाडीत टेकला तरी सुटी होईना. येसूची चोळी दुधानं भिजली.

"मुकादमानू, सोडा. पोर उपाशी मरेल माझी."

"घंटा झाली काय?"

येसूनं घमेलं उपडं केलं, दगडानं बडवलं आणि साहेबाचा शब्द मोठ्यानं म्हटला. "आता झाली," म्हणाली, आणि चालू लागली. मागोमाग सगळी भट्टी.

तो आवाज खाडीपलीकडे गेला म्हणे. मुकादम चिखलात ओरडत इतका वेळ उभा राहिला की चिखल वाळला, पाय काढायला पहार लागली. पहार मी पदरची घातलीय, बाकी सगळं खरं. लेक जगली.

आजही सांजेला हे घमेलं अंगावर पाजणारी बाईच वाजवते, आणि ती घरी पोचून पोराला पदराखाली घेईपर्यंत गावात कोणी कामाला हात लावत नाही. आत्ताच वाजवून गेलीय ती, अजून वाटेतच असेल; तेव्हा चहा मिळेल, पण आत्ता नाही. गप बसा.