बाणाचं टोक

"एकही गृहीतक न वापरता?"

ढमढेरे बाईंनी पुन्हा तेच विचारलं.

"एकही नाही, मॅडम," हृषीकेश म्हणाला.

बोलला अदबीनं, पण आतून नुसता धुमसत होता. उद्या सकाळी त्याच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक निघायच्या बेतात, आणि मार्गदर्शक बाई अजून पहिल्याच पानावर अडून बसलेल्या. त्यांनी हो म्हटल्याशिवाय परीक्षा व्हायची नाही. भौतिकशास्त्र विभागात तर केव्हाचा बोभाटा झाला होता, की या पोरानं भल्याभल्यांना न सुटलेलं कोडं सोडवलं. बोभाटा करणारा तोच, ही गोष्ट वेगळी.

कोडं ऐकायला साधं. रेणूंच्या टकरीचे नियम मागचं-पुढचं जाणत नाहीत. टक्कर उलटी चालवली तरी ती नियमात बसते. मग कोपऱ्यातली ऊब खोलीभर पसरते, ती आपणहून पुन्हा कोपऱ्यात गोळा का होत नाही? हृषीकेशचं म्हणणं, हे मी निव्वळ टकरींवरून सिद्ध केलंय.

"फळ्यावर दाखव."

त्यानं आडवी रेघ ओढली, उजव्या टोकाला बाण काढला, खाली 'काळ' लिहिलं आणि सुटलाच.

"टकरीआधी हे दोन रेणू एकमेकांना अनोळखी. म्हणून इथे दोघांच्या शक्यतांचा सरळ गुणाकार."

"आणि टकरीनंतर?"

"नंतर ओळख होते. पण ती आपण सोडून देतो."

"सोडून देतो..."

बाई उठल्या. फळ्याशी गेल्या आणि बोटानं बाणाचं टोक तेवढं पुसलं. नुसती रेघ उरली.

"आता सांग. 'आधी' कुठल्या बाजूला?"

डावीकडे, असं तो म्हणणार होता...

कशावरून? उजवीकडून वाचलं तरी टकरी त्याच. मग पसरलेली ऊब आपणहून कोपऱ्यात गोळा होते, हेही त्याच गणितातून तितक्याच ऐटीत सिद्ध होत होतं. जे सिद्ध करायचं, तेच त्यानं पहिल्या रेघेला सवयीनं काढून ठेवलं होतं.

"मॅडम, बाण सगळेच काढतात."

"काढतात. आणि गृहीत धरून काढला म्हणून सांगतात."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारत होतं, पेढे कधी म्हणून विचारत होतं.

"परीक्षकांना मी फोन करते," बाई शेवटी म्हणाल्या. "येऊ नका म्हणून."

हृषीकेश मटकन बाकावर बसला. इतका वेळ आवरलेलं रडू आता आवरेना.

"चार वर्षं, मॅडम... माझी चार वर्षं गेली."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मग उलटी चालवून घे की परत. तुझ्या समीकरणांची कुठे ना आहे?"